ओट्याखालची वाट

आमच्या गावाचे नाव मी मुद्दामच सांगत नाही. यवतमाळ जिल्ह्यात, कळंब आणि बाभुळगावच्या आसपास, नगरपालिका असलेले एक गाव, एवढे पुरे. नाव सांगितले की बाकीच्या गावांतले वाचक हुश्श करून मोकळे होतात, आणि मला आज कोणालाच मोकळे सोडायचे नाही.

तर १९६१ सालची दिवाळी होऊन गेली होती आणि एका भर दुपारी अब्दुल गनी पेटीवाल्याच्या ओट्यावर अर्ज लिहिणे चालले होते. गनी लग्नात द्यायच्या पत्र्याच्या पेट्या करी. त्याची ठोकपीट दिवसभर या ओट्यावर चाले. त्या दिवशी मात्र त्याने हातोडा बाजूला ठेवला होता. तो मजकूर सांगत होता आणि समोरचे किराणा दुकानदार वामनराव आपल्या वळणदार अक्षरात लिहीत होते.

"लिहा, का या सडकेवर पायी चालनाऱ्याले जागाच नाई," गनी म्हणाला. "फुटपाथ पायजे. अन् ट्रकवाल्याइले कोनी आवरत नाई, हेही लिहा."

गनीचा राग खरा होता. कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगच्या कारखान्याकडे जाणाऱ्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग सकाळपासून लागे. त्या रांगेच्या बाजूने ट्रक आणि एसटी भोंगे वाजवत घुसत. चार दिवसांपूर्वी एका ट्रकने अशीच बंडी ओलांडायला सडकेचा काठ धरला. काठाने गनीची आई सुग्राबी चालली होती. जीव वाचवायला ती बाजूला उडाली ती थेट नालीत पडली. गुडघा सुजून भोपळा झाला आणि टोपलीतल्या बांगड्यांचा चुरा झाला.

सुग्राबी चाळीस वर्षे घरोघर बांगड्या भरत आली होती. गावातल्या निम्म्याअधिक लेकीसुनांच्या मनगटाचे माप तिला तोंडपाठ होते. कोण सासरी सुखात आहे आणि कोण नाही, हे तिला हात हातात घेतल्याबरोबर कळे. अशा बाईला मुलाने त्या दिवसापासून फर्मान काढले, की अम्मा, आता सडकेवर पाय टाकायचा नाही, घरी बसायचे.

"घरी बसून काय करू?" तिने विचारले होते. "भिंतीले बांगड्या भरू?"

म्हणून तर हा अर्ज होता. आईची वाट तिला परत मिळवून द्यायची, असे त्याने मनाशी पक्के केले होते. संध्याकाळपर्यंत अर्जावर चाळीस सह्या झाल्या. त्या भागाचे नगरपालिकेतले मेंबर किसनराव तो खिशात घालून घेऊन गेले.

सभेच्या दिवशी गनी, वामनराव आणि बरीच मंडळी पालिकेच्या सभागृहात मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसली. किसनरावांनी अर्ज वाचून दाखवला. ट्रकांचा वेग कमी व्हावा म्हणून सडकेवर जागोजागी आडवे उंचवटे घालावेत, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. टाळ्या पडल्या. तेवढ्यात तांड्यावरचा रूपसिंग बंडीवाला उठून उभा राहिला.

"साहेब, उंचवटा घालसान तं ट्रकवाला मजेत निंगून जाईन," तो म्हणाला. "मरन आमच्या बैलाइचं हाये. भरल्या बंडीचा धक्का खांद्यावर बसन अन् कापसाची गंजी कलंडन. तुमी मानसाइले चालाले जागा द्या. आमी बंड्या एका अंगानं नेतो, बैलाच्या पुढं पायी चालतो. मंग सडकेवर मानूस पाहून ट्रकवाल्याले आपसूक हळू जा लागते."

बोलणे सरळ होते आणि सगळ्यांना पटले. उंचवटे बारगळले. मग अध्यक्षांनी ओव्हरसियरकडे पाहिले. ओव्हरसियरने कापडावर चिकटवलेला एक जुना नकाशा टेबलावर पसरला.

"फुटपाथ नवा कशाला मागता?" तो म्हणाला. "नाली आणि घरं यांच्या मध्ये, दोन्ही बाजूंना, चार-चार हात जागा चालण्यासाठी सोडलेली आहे. वस्ती आखली तेव्हापासूनची आहे."

"कुठी हाये ते जागा?" गनीने ताडकन विचारले.

"तुमच्या ओट्यांच्या खाली."

चाळीस सह्या करणारी माणसे आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहू लागली. ज्यांनी ज्यांनी फुटपाथ मागितला होता, त्यांनीच तो बांधून काढला होता. अर्जसुद्धा त्याच जागेवर बसून लिहिला होता. अध्यक्षांनी समजुतीने घेतले. आठ दिवसांनी मोजणी होईल, जो आपण होऊन जागा मोकळी करील त्याला कसलाही त्रास होणार नाही, असे सांगून त्यांनी सभा संपवली.

परत येताना वामनराव गनीच्याच ओट्यावर टेकले.

"गनीभाऊ, अर्ज वापस घेऊन टाकू," ते म्हणाले. "फुटपाथ पायजेन होता हे खरं. पन आपल्याच दारापुढं कायले?"

आता हसू नका, वाचकहो. रस्ता रुंद व्हावा असे आपल्यालाही वाटते, आणि तो शेजाऱ्याच्या बाजूने व्हावा असेही वाटते. गनीलाही तसेच वाटले. "माह्या बापानं बांधलेला ओटा हाये," तो म्हणाला. "माहं पोट याच्यावर हाये. याले कोनी हात लावून तं पाह्यो."

वामनराव गेले. दाराआड बसलेली सुग्राबी सगळे ऐकत होती. ती काठी टेकत उंबऱ्यापर्यंत आली.

"तुह्या बापानं हा ओटा बांधला तवा मी इथंच होती," ती म्हणाली. "पहिले एक हात बांधला, बसाले. मंग समोर वामनरावाच्या बापानं दोन हात बांधला. ते पाहून आपला तीन हात झाला. तू पेटीचं काम काढलं अन् नालीपर्यंत गेला. कोनालेच वाटलं नाई का आपन रस्ता खाऊन राह्यलो. मलेबी नाई वाटलं. मी तं खुश झालती."

"मंग आता काहून बोलतं?"

"आता नालीत पडली म्हनून बोलतो. तू त्या ट्रकवाल्याले शिव्या देतं. तो एक घडी आला अन् गेला. मले सडकेवर त्यानं नाई उतरवलं, गनी. तू उतरवलं."

गनीला हे वाक्य फार लागले. तो रागाने म्हणाला, "मंग मी काम कुठी करू, ते सांग."

"समोरची खोली घे. माह्या बांगड्याची."

"अन् तू?"

"मले खोली नोको. मले रस्ता पायजे."

आठ दिवस गनीचा हातोडा चालला, पण पेट्यांचे कोपरे काही जुळून येईनात.

मोजणीच्या दिवशी ओव्हरसियर साखळी आणि चुना घेऊन आला. सगळी आळी बघायला जमली. आणि मोजणी सुरूच होईना. नकाशावर जिथून माप धरायचे, तो हद्दीचा दगड कुठे सापडत नव्हता. ओव्हरसियर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा फिरला. घरमालकांचे चेहरे हळूहळू खुलू लागले. दगड नाही म्हणजे माप नाही, आणि माप नाही म्हणजे ओटे सलामत.

"तो दगड मले ठाऊक हाये," सुग्राबीचा आवाज आला.

ती ओट्याच्या कडेला उभी होती. तिने काठी खाली आपटली. "इथं हाये. नवी नवरी होती तवा मी त्याच्यावर टोपली टेकत होती. पांढरा दगड हाये, वरतं फुली हाये."

काठी तिच्याच मुलाच्या ओट्यावर आपटली होती. गर्दीतून वामनरावांनी गनीला डोळ्याने खुणावले आणि मोठ्याने म्हणाले, "चाचीचं वय झालं आता. चाळीस वर्षाची गोष्ट हाये. थोडंच बराबर आठवते?"

ओव्हरसियरने गनीकडे पाहिले. "काय हो, खोदायचं? तुमची संमती असेल तरच आज खोदतो."

आता सगळे गनीच्या हाती होते. आई म्हातारी झाली आहे, तिला आठवत नाही, एवढे म्हटले असते तरी मोजणी वर्षभर लांबली असती. आळीतल्या प्रत्येकाने त्याला दुवा दिला असता. गनीने आईकडे पाहिले. ती त्याच्याकडे पाहतही नव्हती. सुजलेला गुडघा एका हाताने दाबून ती सडकेकडे बघत होती. जिनिंगला निघालेल्या बंड्यांच्या पलीकडे, जिथे तिची सगळी गिऱ्हाइके होती, तिकडे.

"अम्माले बराबर आठवते!" गनी म्हणाला, आणि आत जाऊन लोखंडी सब्बल घेऊन आला.

पहिला घाव त्याने स्वतःच घातला. बापाने रचलेले दगड एकेक करून त्याने बाजूला काढले. घामाने भिजला तरी सब्बल दुसऱ्याच्या हाती दिली नाही. कमरेइतका ओटा जमिनीपर्यंत उतरवल्यावर खाली पांढरा दगड दिसला. त्यावर फुली होती. कोणी हुर्यो केला नाही की कोणी कुरकुर केली नाही. ओव्हरसियरने साखळीचे टोक त्या दगडावर धरले आणि चुन्याची रेघ एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत सरळ निघाली.

त्या आठवड्यात अकरा ओटे गेले. पुढच्या आठवड्यात आणखी नऊ. वामनरावांचा तेवढा जागच्या जागी होता. त्यांच्या चंदाचे लग्न पंधरा दिवसांवर आले, तेव्हा ते हिरव्या चुड्याचे सांगायला आले. सुग्राबीच्या हातचा चुडा भरल्याशिवाय त्या आळीत लेक मांडवात जात नसे.

"येतो ना, भाऊ," सुग्राबी म्हणाली. "चंदा माहीच पोरगी हाये. पन मी आता काठाकाठानंच चालतो. सडक ओलांडून तुमच्या दारापुढं काठ असन तं येतो."

वामनराव मान खाली घालून हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात दोन मजूर लागले होते.

गनीने समोरच्या खोलीत काम मांडले. जागा अपुरी होती, पेट्या एकावर एक ठेवाव्या लागत, आणि हे त्याला शेवटपर्यंत अडचणीचेच वाटले. पण त्याने पेटीच्या पत्र्याचा एक मोठा बोर्ड कापला, लाल रंगाने रंगवला आणि पालिकेच्या परवानगीने सडकेच्या तोंडाशी ठोकला. त्यावर लिहिले होते: 'हळू चालवा. आमची माय चालून राह्यली.' ट्रकवाले तो वाचून हसत, पण हसताना वेग कमी करत.

चुड्याच्या दिवशी सुग्राबी निघाली. बंड्या एका अंगाने चालल्या होत्या, रूपसिंग बैलांच्या पुढे पायी होता. नालीच्या आतल्या मोकळ्या वाटेने, डोक्यावर टोपली घेऊन, ती काठी टेकत पांढऱ्या दगडापाशी आली. तिथे तिने टोपली क्षणभर टेकवली, पदर सावरला आणि पुढे चालू लागली. गनी दारातून बघत होता. त्याने तिला हात द्यायला पाऊल उचलले आणि परत मागे घेतले.

वाचकहो, रस्ता सरकारने द्यावा म्हणून आपण अर्ज करतो, आणि तो हक्कच आहे. पण अर्ज लिहायला बसण्याआधी एकदा आपण बसलो आहोत ती जागा कोणाची, हे पाहावे. आपण चार हात मागे सरकलो की आपलीच आई सुखाने पुढे जाते.