पाण्यावरचं तेल

केस पांढरे झाले, दाढा पडल्या, घरात जावई आला, तरी सगळी वस्ती त्याला धाकटाच म्हणे. याला कारण त्याची थोरली बहीण, आक्का. ती होडीच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला बसायची आणि हा मागे वल्ह्यांपाशी. थोरली पुढे असली की मागचा धाकटाच राहतो, मग तो कितीही म्हातारा होवो. त्यालाही त्याचं काही वाटत नसे. उलट आक्काच्या मागे बसायचा मान आपल्याला आहे, दुसऱ्या कुणाला नाही, याचीच त्याला ऐट होती.

आक्काचं नाक सगळ्या किनाऱ्यावर नावाजलेलं होतं. उष्म्याच्या दिवसांत वारा पडला की जवळच्या पाण्यावर कधी कधी तेलकट तवंग येतो. खाली मोठे मासे लहान माशांच्या झुंडीवर तुटून पडलेले असतात आणि त्या लहानग्यांच्या अंगातलं तेल वर येतं. तिथले लोक त्याला नुसतं ‘तेल’ म्हणत. तेल दिसलं की जाळं टाकायचं, एवढं सोपं असतं तर शेंबडं पोरही टोपली भरून आणतं. पण खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक लांबलचक दांडा होता आणि त्या दांड्याला मधेच खिंड होती. ओहोटीला खाडीचं सगळं पाणी त्या खिंडीतून बाहेर धावायचं. वरून मात्र तिथं ना लाट, ना फेस. कुणी इस्त्री फिरवल्यासारखं गुळगुळीत पाणी. त्याला तेल समजून होडी आडवी घातली की गेलीच ती बाहेरच्या लाटांच्या तोंडी. त्यांच्या वडिलांची होडी तिथंच उलटली होती. वडील पोहून आले, पण नंतर मरेपर्यंत त्या बाजूला पाठ करूनच जेवायला बसले.

हे तेल आणि ते पाणी, यातला फरक नाकाला कळे. खऱ्या तेलाला नुकत्याच चिरलेल्या काकडीचा वास येतो. आक्काला तो इतक्या लांबून यायचा की बाकीच्यांना तिथं पाणी आहे एवढंच दिसत असे. ती हनुवटी वर करायची, मान सावकाश फिरवायची, आणि मान जिथं थांबेल तिकडं मागच्या होड्या वळायच्या. कुणी काही विचारत नसे.

त्या दिवशी उजाडता उजाडता बायकोनं धाकट्यापुढं चहा ठेवला आणि ती तिथंच उभी राहिली. चहा ठेवून उभी राहिली म्हणजे काहीतरी बोलायचं असतं, हे त्याला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं.

“बोल.”

“काल वन्संच्या खोलीत दूध करपून पातेल्याचा कोळसा झाला. मी चार घरं ओलांडून धावत गेले. आणि वन्सं चुलीला पाठ लावून जाळं सांधत बसलेल्या. मला म्हणतात, का गं वहिनी, कुठं आग लागली का?”

“विचारात असेल.”

“विचारात माणसाचे कान हरवतात, डोळे हरवतात. नाक कुठं हरवतं? तापातून उठल्यापासून त्यांना वास येत नाही. मी लिहून देते.”

“आक्काला वास येत नाही?” तो हसला. “उद्या म्हणशील समुद्र खारट नाही.”

“तुम्ही तर बोलूच नका. डबीभर तपकीर कोंबल्यावर तुमच्या नाकात वासाला जागा तरी उरली आहे का?”

त्यानं कप तसाच खाली ठेवला. कारण तापातून उठल्यापासून आक्का रोज होडीत मागे वळून म्हणायची, “धाकट्या, वास बघ.” त्याला वाटायचं, ही आपली परीक्षा घेते आहे. मोठी माणसं घेतात तशी; आपल्याला येतं ते दुसऱ्याला येतं का बघायला. तपकिरीनं त्याचं नाक कधीच बाद झालं होतं. पण नापास कोण होणार? म्हणून तो दर वेळी म्हणायचा, “येतोय की, झकास.”

आता बायकोचं खरं असेल, तर आक्का परीक्षा घेत नव्हती. खरंच विचारत होती.

आणि खरं असेल तर तिला नाळेवरून उठवावं लागणार. तेही त्यालाच. आक्का नाळेवर नाही आणि घरी बसली आहे, असं चित्र त्याला डोळ्यांपुढं आणता येईना.

धक्क्यावर आक्का आधीच होडीत बसली होती. पदर कमरेला खोचलेला, मांडीवर पाग, म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं, नीट घडी घातलेलं. शेजारच्या होडीत रंगारी इंजिनाशी झटत होता. होड्या रंगवणं त्याचा धंदा, पण उष्म्यात रंग वाळायला टाकून तो मासे धरायला यायचा.

“आक्का, आज कुठं?” रंगाऱ्यानं विचारलं.

“पाणी सांगेल तिकडं.”

“पाणी तुलाच सांगतं. आम्हाला नुसतं भिजवतं.”

“तुझा रंग लागेल म्हणून घाबरत असेल.”

होड्या निघाल्या. जमिनीवरचा वारा पडला होता आणि समुद्रावरचा अजून उठला नव्हता. खाडीचं पाणी कोऱ्या चहासारखं, बाहेरचं हिरवं. दोन्ही भेटतात तिथं काटक्या आणि फेसाची एक वाकडी रेघ. ओहोटी नुकतीच लागलेली. पक्षी उडत नव्हते, खांबांवर बसून होते. धाकटा वल्ही मारत आक्काच्या पाठीकडे बघत राहिला. ती पाठ तापात वाळली होती, पण ताठ होती. कसं विचारायचं? वाक्य जुळवावं आणि वल्ह्याबरोबर पाण्यात सोडून द्यावं, असं त्याचं चाललं होतं.

तिथं समुद्र पूर्वेला, त्यामुळे दांड्याजवळ आले तेव्हा सूर्य समोर उगवत होता. सगळं पाणी कल्हई केल्यासारखं चमकायला लागलं. त्या चकाकीत पुढे एक गुळगुळीत पट्टा दिसला.

आक्कानं डोळ्यांवर हात धरला. “उन्हानं काही कळेना. तेल दिसतंय खरं.” मग मान न वळवता म्हणाली, “धाकट्या, वास बघ.”

“येतोय की,” तो म्हणाला. तोंडाला सवयच होती.

आक्कानं हात वर केला. मागे रंगाऱ्यानं इंजिनाचा सूर बदलला आणि होडी त्यांच्या मागोमाग वळवली.

धाकट्यानं मागे बघितलं. रंगाऱ्याच्या होडीत रंगाऱ्याचा म्हातारा सासरा बसला होता, पाय पसरून, निवांत. आक्का आहे म्हटल्यावर निवांतच असणार.

“आक्का.”

“हं.”

“नाही येत.”

“काय नाही येत?”

“वास. आज नाही, काल नाही. मला तपकिरीचा नाद लागल्यापासून काहीच येत नाही.”

आक्का सावकाश मागे वळली. “मग इतके दिवस येतोय म्हणत होतास ते?”

“मला वाटलं, तू परीक्षा घेतेस.”

तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना. मग ती म्हणाली, “अरे गाढवा, मला येत असता तर तुला कशाला विचारलं असतं?”

बायकोचं खरं होतं.

“म्हणजे या होडीत नाक असं...”

“एकही नाही,” आक्का म्हणाली. “आता वल्ही मार. उलटी. जागेवर धर होडी, तो खांब हलता कामा नये.”

त्याला तेव्हाच कळलं की होडी आपली आपण पुढे चालली आहे. दांड्यावरचा जुना खांब मागे सरकत होता. त्यानं पाय रोवले आणि अंग मोडून वल्ही मारली. आक्कानं मासे ठेवायच्या टोपलीतलं वाळलेलं गवत मूठभर घेतलं आणि पाण्यावर भिरकावलं. गवत जे सुटलं ते गुळगुळीत पट्ट्यात शिरलं, पट्ट्यातून पार झालं आणि बाहेर, जिथं लाटा गुरगुरत होत्या, तिथं दिसेनासं झालं. पट्टा होता तिथंच होता.

“बघितलंस? तेल पाण्याबरोबर चालतं,” आक्का म्हणाली. “हे चालत नाही. खिंड आहे ही.”

तिनं पाठीमागे दोन्ही हात आडवे हलवले. रंगाऱ्यानं काही न विचारता होडी फिरवली. त्याच्या सासऱ्यानं तर पसरलेले पायही आवरले नाहीत. तो खांब पुन्हा जवळ आणेपर्यंत धाकट्याच्या मात्र खांद्यांचं पीठ झालं.

आत, शांत पाण्यात आल्यावर त्यानं वल्ही आडवी टाकली. “आता घरी जाऊ.”

“का? कोण मेलं?”

“आक्का, नाकाशिवाय...”

“तापातून उठल्यापासून नाकाशिवायच चाललंय की. तू रोज येतोय म्हणायचास. रोज तुझं ऐकलं का मी?”

तो आठवू लागला. खरंच. कितीदा त्यानं झकास येतोय म्हटलं होतं आणि आक्कानं नुसतं हुं करून होडी दुसरीकडे न्यायला लावली होती. आणि तिथं मासे मिळाले होते. टोपल्या रिकाम्या गेल्याचं त्याला आठवेना. गेलेल्या नाकाच्या जागी या बाईनं डोळे बसवले होते आणि कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. तिची पाठ बघत तो बसून राहिला. लहानपणी ती खांद्यावर घेऊन त्याला चिखलातून न्यायची, तेव्हा दिसायची तीच पाठ.

“आज ऊन समोर होतं, म्हणून तुझ्या नाकावर भिस्त ठेवली,” ती म्हणाली. “पुन्हा नाही ठेवणार. ऊन पाठीला घे, आणि पाणगवताच्या कडेकडेनं चल. हळू. वल्हं वाजवू नकोस.”

पाणगवताच्या कडेला उथळ, कोमट पाणी खोल पाण्याला भेटत होतं. आक्का वाकून बघत राहिली. बऱ्याच वेळानं तिचं बोट उठलं. ताटलीएवढा डाग. बघता बघता तो सुपाएवढा झाला. कडेला बारकी मासळी सुया उडाल्यासारखी उडाली. आक्कानं गवताची चिमूट टाकली. गवत आणि डाग बरोबरीनं, हातात हात घालून निघाल्यासारखे चालू लागले.

आक्का उभी राहिली. पागाची कड दातांत धरली, उरलेला भार कोपरावर घेतला, कमरेतून एक गिरकी, आणि पाग हवेत उघडला. पुरता गोल. शिशाच्या गोळ्या पाण्यावर पडल्या त्या एकाच वेळी, एकच आवाज करून. तिच्या वयाच्या बायकांना पाण्याची कळशी दोन्ही हातांनी उचलावी लागते.

दोर ताठ झाला. दोघांनी मिळून ओढला तेव्हा होडी कलली आणि रंगारी लांबून ओरडला, “आक्का, आमच्यासाठी ठेव काही.”

“ये की. तेल काही माझ्या बापाचं नाही.”

परतले तेव्हा धाकट्याची बायको धक्क्यावर उभी होती. ती सहसा यायची नाही. तिनं आधी नवऱ्याकडे बघितलं, मग नणंदेकडे, आणि दोघांच्या चेहऱ्यांवरून काय ते समजली. बोलली मात्र भलतंच. ओल्या पागावर वाकली आणि हुंगून म्हणाली, “होडीत काकडी कुणी चिरली?”

बहीणभावांनी एकमेकांकडे बघितलं.

“वहिनी,” आक्का म्हणाली, “उद्या आमच्याबरोबर ये.”

“मी? मला होडी लागते, वन्सं. बांधलेली होडी नुसती बघितली तरी गरगरतं.”

“मग बघू नकोस. डोळ्यांचं काम माझ्याकडे आहे.”

दुसऱ्या दिवशी होडी निघाली तेव्हा नाळेवर आक्का होती, मागे धाकटा, आणि मधे त्याची बायको. दोन्ही हातांनी दोन्ही कडा धरलेल्या, डोळे घट्ट मिटलेले, पदर चेहऱ्यावरून असा घेतलेला की नाक तेवढं बाहेर. रंगारी आपल्या होडीतून टक लावून बघत होता, पण आक्कासमोर हसायची त्याची छाती झाली नाही.

खाडीच्या तोंडाशी आल्यावर आक्कानं विचारलं, “वहिनी, वास बघ.”

“येतोय,” बायको डोळे न उघडता म्हणाली. “तुमच्या भावाच्या तपकिरीचा. आधी ती डबी घरी ठेवा म्हणावं, मग पुढचं विचारा.”

आक्का मोठ्यानं हसली. तापानंतर पहिल्यांदाच. मग तिनं हनुवटी वर केली, मान सावकाश फिरवली, आणि मागच्या सगळ्या होड्या वळल्या.