हवालदारांचा गुडघा

हवालदारांची धावण्याची परीक्षा उद्यावर आली होती, आणि त्यांचा गुडघा सांभाळता सांभाळता बायको मेटाकुटीला आली होती. एक दिवस धावायचं, दुसऱ्या दिवशी नुसतं चालायचं; डांबरी रस्ता सोडून मैदानाच्या मातीवर पळायचं; दुखलं की थांबायचं. महिनाभर तिनेच हे सगळं त्यांच्याकडून करून घेतलं होतं. तरी परवा हे महाशय कोवळ्या शिपायांशी ईर्ष्येला पेटले आणि लंगडत घरी आले.

"चाळिशी उलटली तरी अक्कल म्हणून नाही," असं पुटपुटत ती आताही त्यांच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसली होती. तिची बोटं बधिर झाली होती.

"पास झालो तर पुन्हा सीमेवरची चौकी," छताकडे बघत ते म्हणाले. "नापास झालो तर कायमचा घरी."

"माहितीये मला. उद्या जुनेच बूट घाला, नवे चावतात."

तिने पिशवी उचलून पाहिलं. सूज पार उतरली होती. आपल्या हाताला एवढा गुण असावा, याचाच तिला राग आला.