चोरीचं रोप

मागून आणलेलं रोप कुजतं आणि चोरून आणलेलं हमखास धरतं, असं विद्याच्या आत्याचं ठाम मत होतं. आत्याची चिपळूणची बाग ज्यांनी बघितली होती त्यांची तिला खोटं पाडायची छाती नव्हती. त्या बागेतला निम्मा माल शेजारपाजारचा होता आणि शेजाऱ्यांच्या बागांतला निम्मा आत्याचा, त्यामुळे कुणी कुणाला चोर म्हणायचा प्रश्नच नव्हता.

पण मस्कतमागच्या डोंगरातलं जबल अखदर म्हणजे चिपळूण नव्हे. विद्याचा नवरा जयप्रकाश तिथल्या एका हॉटेलात इंजिनियर म्हणून बदलून आला आणि समुद्राकाठच्या सीबमधला संसार उचलून दोघं डोंगरावर राहायला आली. पाऊस नावाला, हवा पापडासारखी कोरडी, आणि डिसेंबरात पहाटे बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा. सीबहून आणलेला कढीपत्ता पहिल्याच थंडीत गेला. तुळसही गेली. मग विद्याचा डोळा शेजारच्या खतिजाच्या दारावर गेला नसता तरच नवल.

खतिजाच्या दाराशी, बुटक्या भिंतीला लागून, जमिनीला घट्ट चिकटलेली एक हिरवी चटई होती. पानं बारीक, जाड, रसाळ, आणि फुलं जांभळी, आपल्याकडच्या ऑफिसटाइमसारखी ऊन चढलं की उघडणारी. खतिजाच्या नवऱ्यानं कुठल्याशा थंड मुलखातून चिमूटभर आणून ती लावली होती. नवरा गेला, चटई वाढत राहिली. म्हातारी रोज सकाळी तिच्याशेजारी बसून कॉफी प्यायची. पाणी मात्र कुणाला घालू द्यायची नाही.

मागितलं असतं तर तिनं टोपलीभर दिलं असतं. पण मागितलेलं कुजतं ना! ऑक्टोबरातल्या एका दुपारी विद्यानं भिंतीवरून वाकून मुळांसकट मूठभर ओढलं. ओढताना जरा जास्तच आलं. चटईत तळहाताएवढं भोक पडलं. चोरीचा माल दर्शनी जागी कसा लावणार, म्हणून तिनं तो मागच्या बाजूला, गॅस सिलिंडरच्या पिंजऱ्यामागे खडीत खोचला आणि तिकडे फिरकलीच नाही.

भोक मात्र तिला येता-जाता दिसायचं. थंडी पडली तशी चटई तांबूस झाली, पानं सुरकुतली. विद्याला वाटलं, आपण ओढलं म्हणून मेलं! चिपळूणच्या बाईला कोमेजल्या झाडावर एकच उपाय ठाऊक. खतिजा नमाजाला बसली की विद्या भिंतीवरून तांब्या रिता करायची, कधी दोन. त्या झाडाची ती झोपायची रीत होती, कोरडी थंडी त्याला सोसते आणि ओली सोसत नाही, हे तिनं इंटरनेटवर वाचलं खरं, पण सगळं काळं पडून बुळबुळीत झाल्यावर.

खतिजानं त्यातलं एक पान बोटांत चुरडलं, वास घेतला आणि एकच शब्द उच्चारला, "माय." अरबीत पाणी. तिनं वळून सुनेकडे बघितलं.

सून नसीबा सीबची. तिच्या वडिलांचं जुन्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, हिंदुस्थानी गिऱ्हाइकांचं दुकान होतं, त्यामुळे हिंदी फर्डं. नवरा नोकरीला मस्कतला, घरी फक्त गुरुवार ते शनिवार. उरलेले दिवस सासू आणि ती. समुद्राकाठची पोर, पाणी ओतायची खोड, शंभरदा बजावलं तरी ऐकलं नाही आणि वर खोटं बोलते, असं खतिजानं ठरवून टाकलं. मुलालाही सांगितलं. नसीबा विद्याच्या ओट्याशी उभी राहून रडली. "दीदी, अल्ला कसम, एक बूंद नहीं डाला मैंने. मेरा मरद भी बोलता है, मान ले."

विद्यानं तिच्यापुढे गरम शिऱ्याची बशी ठेवली आणि म्हणाली, "जाने दे. भूल जाएंगी वो."

त्या शिऱ्याची तिला पुढे लाज वाटत राहिली. पोरीला न्याय हवा होता आणि हिनं साजूक तूप वाढलं. जयप्रकाशला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, एका झाडाचं काय एवढं? जाऊन सॉरी म्हण." उद्या जाऊ, असं तिनं ठरवलं. तो उद्या अख्ख्या हिवाळ्यात उगवला नाही.

मार्चमध्ये सिलिंडर बदलायला माणूस आला आणि म्हणाला, "भाभी, फूल अच्छा है." पिंजऱ्यामागे, थेंबभर पाण्याशिवाय, चोरीचा माल ऐसपैस पसरला होता. जांभळा भडक. आत्या खरी ठरली होती.

मग मात्र विद्यानं वेळ घालवला नाही. निम्मं उकरून ताटात घेतलं आणि शेजारी गेली. सासू-सून ऊन खात बसल्या होत्या. खतिजाला हिंदी येत नव्हतं आणि विद्याचं अरबी भाजी घेण्यापुरतं, तेव्हा जे बोलायचं ते नसीबाच्या तोंडूनच पोचणार होतं.

"नसीबा, इनको बोल," विद्या उभ्यानंच म्हणाली, "ये मैंने चुराया था. पानी भी मैंने डाला. तूने नहीं, मैंने. बोल इनको."

नसीबा ताटाकडे बघत राहिली. मग सासूकडे वळून शांतपणे म्हणाली, "हदिया. मिन मस्कत."

भेट. मस्कतहून आणलेली. एवढं अरबी विद्याला येत होतं.

"ये क्या बोली तू?"

"मैंने मान लिया, दीदी. रमझान लगने से पहले. बोल दिया, हां, मैंने डाला पानी, माफ करो. उन्होंने गले लगाया. अब घर में चैन है." तिचा आवाज चढला नाही. "अब बोलूं, मैंने झूठ में माना? फिर से झूठी बनूं? पूरी सर्दी मैं सच बोलती रही. तब आना था."

अना. माय. मी, पाणी. दोन शब्द विद्याला येत होते आणि दोन पुरले असते. ते जिभेवर आलेही. पण नसीबा नको म्हणतेय म्हणून आपण गप्प बसतोय, की गप्प बसायला बरं निमित्त मिळालं म्हणून, हे तिचं तिलाच कळेना. आणि ते कळेपर्यंत खतिजानं ताट मांडीवर घेतलं होतं. म्हातारी एकेका पानावरून बोट फिरवत होती आणि तिचे डोळे वाहत होते. तिनं विद्याचा हात ओढून कपाळाला लावला, मूठभर खजूर तिच्या ओंजळीत घातले आणि सुनेकडे बघत मायेनं काहीतरी बोलली.

विद्याला त्यातलं काही कळलं नाही. तिनं नसीबाकडे बघितलं.

नसीबानं शब्द न गाळता भाषांतर केलं. "बोलती हैं, पड़ोसन हो तो ऐसी. मुझे बोलती हैं, इससे कुछ सीख."