शुभवर्तमानात नसलेली गाढवीण

चर्चमधल्या रविवारच्या प्रार्थनेनंतर फादर एजिदिओंनी जे जाहीर केलं, ते ऐकून एर्सीलियाचा आपल्या कानांवर विश्वासच बसेना. यंदा नाताळात चर्चसमोरच्या गव्हाणीपाशी बैल नको आणि गाढवही नको म्हणे!

"बायबलमधलं शुभवर्तमान पुन्हा नीट वाचलं मी," फादर म्हणाले. "त्यात संत लूक सांगतो, बाळ येशूला गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. मेंढपाळ आले. पण बैलाचं नाव नाही, गाढवाचंही नाही."

फादर इटलीतल्या उम्ब्रियाच्या डोंगरातल्या रोक्कासोले गावात नवेच होते, पण गेल्या नाताळची कहाणी त्यांच्या कानावर आली होती. इथे नाताळच्या देखाव्यात गावातलीच माणसं मरिया आणि योसेफ होतात. गव्हाणीच्या एका बाजूला नाझारेनोचा पांढरा बैल उभा राहतो, दुसऱ्या बाजूला एर्सीलियाची गाढवीण पाल्मा. गेल्या वर्षी दोन्ही मालकांना मानाची उजवीच बाजू हवी होती. ओढाओढीत बैलाचा पाय योसेफाच्या पायावर पडला, आणि योसेफाने मरियेच्या देखत अशी शिवी हासडली की गायक गाणं विसरले.

तसं त्या दोघांचं बोलणं त्याच्या कितीतरी वर्षं आधीच बंद पडलेलं. शेजारी शेजारी घरं, मध्ये एक कुंपण. नाझारेनोच्या मुलीच्या लग्नाची पंगत अंगणात बसली होती, तेव्हा पलीकडून पाल्मा ओरडायला लागली ती थांबेचना. "आवाज मालकिणीवर गेलाय," नाझारेनो भर पंगतीत म्हणाला. सगळे पोट धरून हसले. विधवा एर्सीलियाने त्या दिवसापासून त्याच्याकडे पाठ फिरवली.

पण पाल्माला गव्हाणीवरून हाकलायचं? जेवणही न करता एर्सीलिया फादरांच्या घरी पोचली. आत नाझारेनो आधीच टोपी हातात घेऊन उभा!

"फादर, यांना सांगा, पहिला नंबर माझा आहे," नाझारेनो म्हणाला.

"त्यांना म्हणावं, खुशाल बोला. मी थांबते. घाई आहे कुणाला?" आणि श्वासही न घेता ती पुढे म्हणाली, "पण फादर, गाढव नाही म्हणजे काय? दिवस भरलेली बाई बेथलेहेमपर्यंत पायी आली की काय?"

"बरोबर बोलतायत त्या," नाझारेनोच्या तोंडून निघून गेलं. तो स्वतःच दचकला. "आणि बैल नाही तर एवढ्याशा जिवाला ऊब कोण देणार? तुम्ही?"

फादरांना हसू आवरेना. "ती गाढवावर बसून आली, हेसुद्धा कुठे लिहिलेलं नाही हो. पण खरं सांगू? मला जनावरांची भीती नाही. तुमची आहे."

फादरांनी त्यांना बसायला खुर्च्या दिल्या.

"शुभवर्तमानात नाहीत, पण ही जनावरं उगाच घुसलेली नाहीत," ते म्हणाले. "येशूच्या जन्माच्या कितीतरी आधी यशया संदेष्ट्याने लिहिलं, देव म्हणतो, बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव धन्याची गव्हाण ओळखतं, पण माझ्या लोकांना कळत नाही. जुन्या ख्रिस्ती लोकांनी ते वाचलं आणि बाळाशेजारी या दोघांना दगडात कोरलं. पुढे आठशे वर्षांपूर्वी आपल्या असिसीच्या संत फ्रान्सिसनी ग्रेच्चो गावात खरं गवत, खरा बैल, खरं गाढव आणवलं. बाळ किती हालात निजलं होतं ते लोकांना डोळ्यांनी दिसावं म्हणून."

"म्हणजे जनावरांना कळतं आणि माणसांना नाही?" एर्सीलियाने हळूच विचारलं.

"यशया तसं म्हणतो."

तिच्या डोळ्यांसमोर रोजची सकाळ आली. पाल्मा कुंपणावरून मान घालते, बैल आपलं कपाळ पुढे करतो, आणि ती ते चाटत राहते. कितीदा रागाने तिला ओढून आणलं होतं आपण!

"नाझारेनो," ती म्हणाली. इतक्या वर्षांनी ते नाव जिभेवर आलं. "उजवी बाजू तुमची."

"छे छे, पाल्माला द्या. बाईमाणूस आहे." तो टोपी चुरगळत राहिला. "आणि ते लग्नातलं... आवाजाचं... बोलायला नको होतं मी."

"आवाज मोठाच आहे माझा. खोटं कुठे बोललात? पण लोकांसमोर बोललात."

"चुकलंच माझं."

"झालं तर मग!" फादर म्हणाले आणि वाइनची बाटली काढायला उठले.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी दिवेलागणीला सगळा गाव चर्चसमोर जमला. नाझारेनोची नात नुन्झियाता चार महिन्यांची होती, तीच यंदा बाळ येशू झाली. योसेफ सावधपणे जरा लांबच उभा होता. गाणं सुरू झालं, आणि पाल्माने शांतपणे मान खाली घालून बाळाच्या डोक्याखालचं गवत ओढायला सुरुवात केली. तिला बघून बैलानेही पायाकडचं ओढलं. मरिया गोंधळून इकडेतिकडे पाहू लागली. गव्हाण रिकामी होत चालली होती आणि नुन्झियाता दोन्ही हातांनी पाल्माचा कान धरून खिदळत होती. आधी फादर हसले, मग गायक, मग सगळा गाव.

"खाऊ दे!" नाझारेनो ओरडला. "गव्हाण आहे ती!"

एर्सीलियाच्या डोळ्यांतून हसता हसता पाणी आलं.

घरी जाताना दोन्ही दोर नाझारेनोच्या हातात होते. एर्सीलिया शेजारून चालत होती आणि साचलेलं सगळं सांगत होती. बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन, गारपिटीने झोडपलेले ऑलिव्ह, सुनेचा नवा स्वयंपाक. तो नुसतं "हं" म्हणत होता. चढावर तो थांबला.

"बैल दमलाय," तो म्हणाला.

बैल मजेत रवंथ करत होता, धाप नाझारेनोला लागली होती. तिने ते पाहिलं. "दम खाऊ दे की त्याला," ती म्हणाली, आणि रस्त्याच्या कठड्याला टेकून सुनेची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागली.