चौथी ओळ, सत्तेचाळीस

मी द्राक्षाची वेल बोलतेय. मला नाव नाही, नंबर आहे: चौथी ओळ, सत्तेचाळीस. अमेरिकेच्या उत्तरेला, मिनेसोटात ओस्मुंड क्वालेच्या मळ्यात मी उभी आहे. माझ्या जागेवरून त्याच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसते.

आई माझी फ्रान्सची, वाइनच्या द्राक्षाची नाजूक वेल. बाप इथल्याच नदीकाठचा, रानटी. ओस्मुंडने त्याचा पराग ब्रशने आईच्या फुलांना लावला आणि त्या बियांतून आम्ही दोनशे बहिणी उगवलो. इथल्या थंडीत जी जगेल तिची वाइन करायची, असं त्याच्या मनात. म्हणून हिवाळ्यात आम्हाला पेंढ्याचं पांघरूण नसे. मार्चमध्ये तो ब्लेडने आमचे डोळे, म्हणजे काडीवरच्या मिटलेल्या कळ्या, कापून बघे. आत हिरवं तर जिवंत, तपकिरी तर गेली. आमच्याआधी अकरा वर्षं त्याने तपकिरीच पाहिलं होतं.

मग उणे छत्तीस अंशांचा हिवाळा आला. बहिणी सगळ्या गेल्या. मी हिरवी निघाले.

ओस्मुंड हरखला नाही. माझ्या बुडाशी पेंढ्याच्या चार काड्या होत्या, त्या उचलून तो बायकोकडे, थोराकडे गेला.

"खरं सांग. हिला तू झाकलं होतंस?"

"नाही. पेंढा गोठ्यातून उडतो."

"माझी दया आली असेल तुला."

"दया येते. पण झाकलं नाही."

त्याला ते पटलं नाही. पुढच्या हिवाळ्याआधी त्याने माझ्याभोवती शिवणाचा दोरा गुंडाळला. कुणी पेंढा रचला तर तुटावा असा. दोरा थोराच्याच डब्यातला. तिने खिडकीतून पाहिलं. तो सबंध हिवाळा दोघं जेवताना फक्त हवापाण्याचं बोलत.

मार्चमध्ये दोरा शाबूत, डोळे हिरवे. ओस्मुंड धावतच घराकडे निघाला. थोरा पायरीवरचा बर्फ ओढत होती.

"वेलीवर विश्वास बसला ना? बरं झालं," ती म्हणाली. "माझ्यावर बसायला अजून किती हिवाळे?"

दुसऱ्या दिवशी त्याने ब्लेड तिच्या हातात दिलं. तू काप, तू सांगशील ते मी लिहीन, म्हणाला.

आता माझी कलमं चार मळ्यांत गेली आहेत. दोघंही म्हातारी झाली. यंदाही थोराने माझे दहा डोळे कापले, नऊ हिरवे म्हणाली, आणि ओस्मुंडने तसंच लिहिलं.

ती आत गेल्यावर तो परत आला. खिडकीकडे एकदा पाहून त्याने बर्फात पडलेला एक डोळा उचलला आणि उजेडात धरला.

हिरवाच होता. थोराला मात्र एवढं सांगू नका.