एकोणनव्वद नंबरचं डोकं

आमच्या सलूनमध्ये सोमवारी आलेल्या माणसाची डावी बाजू जास्त कापली जाते आणि शनिवारी आलेल्याची उजवी. बुधवारची गिऱ्हाईकं तेवढी माणसात दिसतात. दोन वर्षं काउंटरवर बसूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. ते दाखवलं एका गिऱ्हाईक बाईंनी.

त्या मेंदूच्या प्रयोगशाळेत काम करतात. पडद्यावर एक आकडा दाखवायचा, मग डावीकडे किंवा उजवीकडे ठिपका, आणि माणसाला तो किती पटकन दिसतो ते मोजायचं, असा त्यांचा उद्योग. आकडा लहान असला की लक्ष नकळत डावीकडे झुकतं, मोठा असला की उजवीकडे. आमची टोकनं सोमवारी एकपासून सुरू होतात आणि शनिवारी नव्वदीत जातात. चालू नंबर आरशावरच्या पाटीत लाल दिव्यांनी झळकतो, थेट भावजींच्या डोळ्यांसमोर. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. कात्री त्यांची, सलूनही त्यांचंच, फक्त अक्कल मला पुरवावी लागते.

बाईंनी हेही सांगितलं की हा फरक पापणी लवण्याहूनही कमी असतो, त्यामुळे कोणाचे केस वाकडे कापले जात नाहीत, आणि तुमच्या दिरांचं काय होतं ते मला सांगता येणार नाही. मला येतं. भावजींचं सगळंच जरा जास्त असतं. समोरच्याने जांभई दिली की हे झोपतात.

मी त्याच दिवशी पाटी बंद केली असती तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण मला नको तिथे हुशारी सुचते, आणि शनिवारी सुतारकाका आले.

सुतारकाका म्हणजे भावजींचं जिच्याशी जमलंय तिचे वडील. दोघांचं केव्हाच ठरलंय, अडलं होतं ते काकांच्या होकारावर. आमच्याकडून वाकडी होऊन गेलेली दोन डोकी त्यांनी पाहिली होती. ज्याला दोन कान सारखे दिसत नाहीत त्याला संसार काय दिसणार, असं त्यांचं मत. म्हणून ते स्वतःचं डोकं घेऊन आले होते. सरळ उतरलं तर होकार, नाहीतर विषय बंद. टोकन निघालं एकोणनव्वद. ती मुलगी मला मनापासून आवडते. ती आली तर घरात बोलायला एक तरी शहाणं माणूस मिळेल.

उजवी बाजू झपाझप उतरू लागली. मी बटण दाबून पाटीवर दोन आणला. कात्री डावीकडे वळली आणि डावी जरा जास्तच उतरली, म्हणून मी नव्वद आणला. नव्वद नंबरवाले मास्तर उठून उभे राहिले. त्यांना बसवून मी तीन आणला. मग पुन्हा नव्वद, मास्तर पुन्हा उभे. असं पाच वेळा झालं. मास्तरांना धाप लागली आणि काकांच्या कानांवर केस नावाला उरले. मधोमध मात्र जंगल तसंच होतं.

मला वाटलं, आता मधलाच आकडा द्यावा, म्हणजे दोन्ही बाजू वाचतील. मी पन्नास लावला. भावजींनी मशीन उचललं आणि कपाळापासून मानेपर्यंत एक सरळ पट्टा काढला.

भावजींनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी पाटी बंद केली. आता करण्यासारखं एकच उरलं होतं आणि ते त्यांनी केलं. दहा मिनिटांत काकांचं डोकं तुळतुळीत झालं.

काकांनी खिशातून मोजपट्टी काढली. एका कानापासून माथ्यापर्यंत मोजलं, मग दुसऱ्या कानापासून. मग सगळीकडून हात फिरवला.

"सरळ आहे," ते म्हणाले. "मी शब्द फिरवत नाही. माझा होकार."

भावजींच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला सांगू. काका दारापर्यंत गेले आणि वळले.

"पण लग्न माझे केस आल्यावर. फोटोत मी असा उभा राहणार नाही."

तेव्हापासून भावजी रोज सकाळी तेलाची बाटली घेऊन होणाऱ्या सासऱ्यांच्या डोक्याला मालिश करायला जातात. केस बोटभर झालेत. उजवीकडचे जरा जास्त वाढलेत, तेवढे सारखे करून देतो, असं भावजी म्हणतात. काकांनी घरातल्या सगळ्या कात्र्या कुलपात ठेवल्यात.