टॅमरॅक रस्त्यावरची खोली

लिनेटचं नाव पुकारलं तेव्हा मी व्हर्लिनला कोपरानं ढोसलं. "बघ, आता आपली लिनेट बोलणार." त्यानं टाय सरळ केला.

आम्ही मिनेसोटाची माणसं भांडायला जातानाही लिंबाच्या वड्या घेऊन जातो. नगरपरिषदेच्या सभागृहात मागच्या टेबलावर वड्यांची ताटं मांडलेली होती. त्यातलं एक माझं.

प्रश्न एका घराचा होता. टॅमरॅक रस्त्यावरचं रिकामं घर एका संस्थेनं घेतलं होतं. डाऊन सिंड्रोम असलेली चार मोठी माणसं तिथं राहणार होती, सोबत एक मदतनीस. त्या चौघांतला एक माझा भाऊ व्हर्लिन. पन्नाशी उलटलेला. आई गेल्यापासून तो माझ्या एका खोलीच्या बिऱ्हाडात सोफ्यावर झोपतो. स्वतःच्या खोलीला पिवळा रंग द्यायचा हे त्यानं कधीच ठरवून टाकलं होतं. नगरपरिषदेनं हो म्हणायचं तेवढं राहिलं होतं.

लिनेट माझी शाळेपासूनची मैत्रीण. आठवीला शिकवते. दर वसंतात पूर्वग्रहाचा धडा आला की ती व्हर्लिनला वर्गात नेते. शिकवते मात्र झकास. वेगळ्या दिसणाऱ्या माणसाची आधी थट्टा होते, मग त्याला कुणी हिशेबात धरत नाही, मग तो नसला तरी चालतं, असं ती सांगते तेव्हा मागच्या बाकावर माझेही डोळे भरून येतात. शेवटी ती म्हणते, "हा माझा मित्र व्हर्लिन. यानं मला खूप शिकवलं." मग व्हर्लिन उठून बोलायला लागतो. तिचं घर टॅमरॅकवरच आहे. म्हणून तर मी निर्धास्त होते.

लिनेट माईकपाशी गेली. "माझा मित्र व्हर्लिन इथं बसलाय," ती म्हणाली, "त्यानं मला खूप शिकवलं."

व्हर्लिन उठला. मी बाही धरली, पण तो सटकला आणि तिच्या शेजारी जाऊन हात मागे बांधून उभा राहिला, वर्गात राहतो तसाच.

लिनेट अडखळली. पण थांबली नाही. "अशी घरं हवीतच. पण जागा योग्य हवी. आमच्या रस्त्यावर गाड्या सुसाट जातात. घरांच्या किमतींचाही विचार करायला हवा. मी त्याच्याच भल्यासाठी सांगतेय."

टाळ्या पडल्या. त्या थांबेपर्यंत व्हर्लिन थांबला, मग माईककडे वाकला. "माझं नाव व्हर्लिन. मी किराणा दुकानात पिशव्या भरतो. काहीही विचारा."

अध्यक्षांनी थेट मतदान पुकारलं.

हात वर झाले, घर नामंजूर झालं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. परक्या कुणी विरोध केला असता तर मी तोंड वाजवून भांडले असते. हिच्यासाठी मी वड्या घेऊन आले होते!

बाहेर गाडीपाशी ती धावत आली. डोळे ओले. "आर्लिस, समजून घे गं. डगनं पिच्छाच पुरवला होता. आमची सगळी पुंजी त्या घरात आहे."

"मग तो धडा आधी नवऱ्याला शिकव!"

तिनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि व्हर्लिनकडे वळली. "गुरुवारी वर्गात येतोस ना रे? मुलं वाट बघतायत."

मी काही बोलणार, तेवढ्यात व्हर्लिननं विचारलं, "मुलांनी विचारलं, तू कुठं राहतोस, तर काय सांगू?"

"सांग ना, बहिणीकडे राहतो."

"टॅमरॅकवर का नाही, विचारलं तर?"

लिनेट पर्समध्ये किल्ल्या शोधायला लागली. व्हर्लिन उत्तरासाठी थांबला. त्याला थांबायची सवय आहे. किल्ल्या सापडल्या तरी ती खालीच बघत होती.

"ते तूच सांग त्यांना," तो म्हणाला. "मी येत नाही."

मग तो गाडीत बसला आणि त्यानं आपल्या बाजूचं दार ओढून घेतलं.